बेबी गाडीतला दिवा

मोटारीचा पुढचा दिवा रस्ता दाखवतो, मागचा दिवा मागून येणाऱ्याला सावध करतो, बाजूचा दिवा वळण सांगतो. आतल्या दिव्याला मात्र तसं नेमून दिलेलं काम नाही. पडलेली चप्पल शोधायला तो लागतो. नकाशा बघायलाही लागतो म्हणतात, पण आमच्या भागात नकाशा बघून कुणी कुठं पोचल्याचं मी पाहिलेलं नाही. काच खाली करून विचारलं की काम भागतं. त्यामुळं उभा जन्म लातुरात मोटारींचं वायरिंग केल्यावर मी आतल्या दिव्याबद्दल लिहिणार म्हटल्यावर माझी मुलगी हसली. "बाबा, तुम्ही बसवलेल्या हॉर्नांबद्दल लिहा की," म्हणाली. हॉर्नांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ज्यांनी ते ऐकले त्यांच्या हाती हा अंक पडला तर दिवाळीत भांडण नको.

मी मूळचा चाकूरचा. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. वडील दुष्काळी कामांवर खडी फोडायचे, आई त्याच कामावर पाटीनं माती वाहायची. मी संध्याकाळी वस्तीतल्या विहारात अभ्यासाला बसायचो, कारण तिथली बत्ती आमच्या चिमणीपेक्षा मोठी होती. नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो, तेव्हा वडिलांनी अख्ख्या वस्तीला गूळ वाटला आणि माझी मार्कलिस्ट पंधरा दिवस सदऱ्याच्या खिशात घालून फिरले. घडीवर ती फाटली. चिकटपट्टी लावलेली ती मार्कलिस्ट अजून माझ्याकडे आहे.

नोकरी काही लागली नाही. तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या, आणि जीपा म्हटलं की वायरिंग जळणं आलंच. मी गंजगोलाईपासून जरा लांब, रिंगरोडच्या बाजूला एक गाळा घेतला. वडिलांना ते सांगताना मला मान वर करवत नव्हती. ते म्हणाले, "वायर जोडणं बी शिकलेल्याचंच काम हाय. न शिकलेला जोडतो तवाच आग लागती." हे वाक्य मी दुकानात पाटीवर लिहून लावणार होतो, पण शेजारचे गफूरभाई म्हणाले, "मत लगाव. गिऱ्हाईक आगीचं नाव वाचून पळून जाईल."

गफूरभाई इंजिनाचे मिस्त्री. त्यांचे वडील निजामाच्या काळापासून मोटारी खोलत आलेले. शाळेत ते किती दिवस गेले हे त्यांचं त्यांनाही नक्की आठवत नव्हतं. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'बीएस्सी' हेच नाव ठेवलं आणि ते इतकं रुजलं की माझ्या लग्नाची पत्रिका बघून दोन टँकरवाल्यांनी विचारलं, "हे कोण? आपल्या बीएस्सीचा भाऊ का?"

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. घरात दिवा लावायला दोन तारा लागतात, एक जाणारी आणि एक येणारी. मोटारीत एकच लागते. दुसऱ्या तारेचं काम गाडीचं लोखंडी अंग करतं. बॅटरीची एक तार बॉडीला घट्ट आवळली की सगळी गाडीच परतीची वाट होते. आमच्या सगळ्या जीपा, ट्रक, टँकर यांत ही बॉडीला जाणारी तार मायनसची असे. हे लक्षात राहू द्या, कारण मी ते नको तितकं लक्षात ठेवलं होतं.

ते दुष्काळाचे दिवस होते. रस्त्यावर पाण्याचे टँकर आणि चाऱ्याचे ट्रक, याशिवाय फारसं काही धावत नसे. जिल्हा नवा, त्यामुळं मोठेपणाही नवा. एक गुत्तेदार, म्हणजे सरकारी कामांचे ठेकेदार, आपली पांढरी मोटार घेऊन आले आणि म्हणाले, "बीएस्सी, आत असा दिवा लाव की काचा वर असल्या तरी मी बसलेला दिसलो पाहिजे."

"कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला म्हंजे? लोकाला! अंधारात गाडी जाती अन् कोण गेलं ते कळतच न्हाई. उपेग काय मग गाडीचा?"

मी छताला दोन गुलाबी बल्ब आणि मागच्या काचेवर निळ्या बल्बांची माळ लावून दिली. गुत्तेदार रस्त्यानं चालत्या देव्हाऱ्यासारखे जाऊ लागले. महिनाभरात 'गुत्तेदारांसारखे दिवे' हा लातुरातला रिवाज झाला आणि मी त्यातला तज्ज्ञ. फिजिक्सची डिग्री अशी कामाला आली. गफूरभाईंनी तेव्हा मला धंद्याचा एक नियमही घालून दिला, "गिऱ्हाईकाला कशाला पायजे ते कधी विचारायचं न्हाई. विचारलं की ते खोटं सांगतंय, मग आपल्याला ते खरं मानावं लागतंय."

अशा वेळी डॉक्टर बिरादार आपली बेबी घेऊन आले.

डॉक्टर जनावरांचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण दुष्काळात चाकूरच्या अलीकडे जनावरांची छावणी उघडली तेव्हा स्वतःहून तिथं जाऊ लागले. बेबी म्हणजे त्यांची मोटार. जुनी, विलायती, दोन दारांची, कासवाच्या पाठीसारखी. तिच्यात चार माणसं बसत, पण ती एकमेकांची नातलग असलेली बरी. डॉक्टरांनी ती एका मिशन हॉस्पिटलच्या लिलावातून घेऊन वीस वर्षं लेकरासारखी सांभाळली होती.

"आत उजेड पाहिजे," डॉक्टर म्हणाले. उंच माणूस, बोलणं हळू, आणि ओठांवर झाडूसारख्या भरघोस मिशा.

"भरपूर?" मी विचारलं.

"चांगला पाहिजे."

कशाला, ते मी नियमाप्रमाणं विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मला कारण नंतर कळलं, पण तुम्हाला आताच सांगतो.

डॉक्टरांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं आणि डॉक्टरही बाईच म्हणायचे, फक्त एकेरीत. तीनेक वर्षांपूर्वी मोठ्या आजारात बाईंचे कान गेले, पूर्ण गेले. पण बाई हुशार. समोरच्याच्या ओठांवरून त्या सगळं वाचत. छावणीत तर त्यांचा उलट फायदाच होता. हजारभर जनावरं एकदम हंबरत असताना कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. फक्त बाईंना सगळं कळे. कोणाची गाय, कधी आजारी पडली, काय खाल्लं, हे बायकांकडून विचारून त्याच वहीत लिहीत. अडचण परतीच्या वाटेवर होती. अंधार पडला की डॉक्टरांचे ओठ दिसत नसत, आणि तासभर दोघं शेजारी बसून मुके होत. बाई कंटाळल्या होत्या. नांदेडला मुलाकडे कायमचं जाऊन राहायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. डॉक्टरांना छावणी सोडवत नव्हती आणि बाईंना जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून दिवा.

यातलं काहीही ठाऊक नसल्यामुळं मी बेबीला गुत्तेदार करून टाकलं. छताला दोन गुलाबी बल्ब, चार कोपऱ्यांत चार हिरवे, आणि हौस म्हणून आरशाभोवती बारकी माळ. गफूरभाई बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले. "बीएस्सी, ये गाडी हाय का उरूस?"

डॉक्टर सभ्य माणूस. त्यांनी एकदा आत पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि "छान आहे," म्हणून गाडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बाई आल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं त्या एक तर कुजबुजत, नाही तर गल्लीला ऐकू जाईल असं बोलत. त्या दिवशी दुसरा प्रकार होता.

"दिवे तुम्ही लावलेत?"

मी एका जीपच्या बोनेटमध्ये वाकून "हो, का?" म्हणालो.

"बोनेटशी बोलू नका. माझ्याकडं बघून बोला."

मी सरळ उभा राहिलो. चौथीत असल्यासारखे हात आपोआप मागं गेले.

"काल आम्ही घरी कसे पोचलो ते विचारा," बाई म्हणाल्या. "समोरच्या काचेत डॉक्टरांना रस्ता दिसेना. सहा दिवे दिसत होते आणि मधोमध ते स्वतः. एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला बघून बैल बाजूला घेतले आणि हात जोडले."

गफूरभाई हातातला पाना घेऊन जवळ सरकले.

"आणि ज्यासाठी दिवे लावले, ते तर झालंच नाही. उजेड वरून. डॉक्टरांच्या मिशीची सावली ओठांवर. तासभर मला नुसती मिशी दिसत होती. मिशी काय बोलते ते मला वाचता येत नाही."

मग त्यांनी सगळं कारण सांगितलं, ते वर आलंच आहे. शेवटी त्यांचा आवाज एकदम खाली गेला, इतका की मला पुढं सरकावं लागलं. "दिवसभर छावणीत मी माणूस असते हो. परतताना गाठोडं होते. आधी ते बोलायचे, मला कळायचं नाही. मग अंधारात बोलायचं थांबले. आता दिवसासुद्धा कमी बोलतात, सवय लागली. उद्या घरातही आम्ही दोन गाठोडीच राहू. त्यापेक्षा नांदेड बरं. तिथं नातवंडं आहेत, ती ओरडतात तरी. जायची तारीख या सोमवारवरून पुढच्या सोमवारवर ढकललीय मी. तेवढ्यात काय ते करा."

त्या गेल्यावर गफूरभाई म्हणाले, "मिशी काढली तर?"

"तुम्ही सांगा डॉक्टरांना."

"मी कशाला सांगू? बीएस्सी तू हाय."

बेबी परत मागवून मी सगळे दिवे उतरवले. कामाची बाजू आता मला पहिल्यांदा नीट दिसली. उजेड हवा होता तो डॉक्टरांच्या हनुवटीपासून नाकापर्यंत, तळहाताएवढ्या जागेवर. डोळ्यांवर नको, नाही तर रस्ता दिसणार नाही. काचेवर नको. आणि वरून तर नकोच. खरं सांगतो, मला आनंद झाला. कॉलेज सुटल्यापासून कुणी मला प्रकाशाचं गणित घातलं नव्हतं.

डॅशबोर्डच्या मधोमध मी एक छोटा बल्ब बसवला. त्यावर पावडरच्या डब्याच्या पत्र्याचं झाकण केलं, आतून काळा रंग दिला आणि समोर एक आडवी फट ठेवली. फटीतून उजेडाची पट्टी तिरकी वर डॉक्टरांच्या तोंडावर जायची. डॅशबोर्डावर काचेत चकाकी उठू नये म्हणून काळं कापड लागणार होतं, ते आमच्या घरच्या छत्रीचं काढलं. तसाही त्या साली छत्रीला दुसरा काही उपयोग नव्हता.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. वायर जोडायला बॅटरीपाशी गेलो आणि पाहिलं तर बॉडीला प्लसची तार! मला हसूच आलं. कुणी अडाणी मिस्त्रीनं उलटी जोडली असणार, आणि डॉक्टर बिचारे वर्षानुवर्षं तशीच चालवताहेत. गफूरभाई त्या दिवशी भाचीच्या लग्नाला उदगीरला गेले होते. मी मोठ्या जबाबदारीनं तारा बदलल्या, मायनस बॉडीला आवळली आणि दिवा लावून पाहिला. लागला. बल्बला कुठून वीज आली याचं काही नसतं. तो दोन्हीकडून लागतो. डॉक्टर न्यायला आले तेव्हा मी त्यांना म्हणालोदेखील, "बॅटरी उलटी होती साहेब. सुलटी करून दिली."

बाई त्या दिवशी मुद्दाम नवीन दिवा बघायला म्हणून छावणीत गेल्या. जाताना उजेडच होता. संध्याकाळी निघायच्या वेळी बेबी सुरू होईना. बोनेट उघडलं तर जळकट वास. छावणीतल्या पोरांनी ढकलली, ती चार पावलं गेली आणि बसली. शेवटी दोघं एका पाण्याच्या टँकरच्या केबिनमध्ये बसून लातूरला आले. ड्रायव्हर, मध्ये बाई, कडेला डॉक्टर. आत काळोख. ड्रायव्हरनं नंतर मला सांगितलं, "बाईंनी छावणीपासूनच डोळे मिटून घेतले हुते. मला वाटलं झोपल्या. पर झोपल्या नव्हत्या."

सकाळी गफूरभाई उदगीरहून आले. मी बॅटरीचा किस्सा सांगायला लागलो आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बीएस्सी! विलायती जुनी गाडी हाय ती. तिच्यात प्लसच बॉडीला राहतो."

"असं कसं?"

"आता इंग्रजानं तसं केलं त्याला मी काय करू? त्याला विचार. माझ्या बापानं अशा पन्नास गाड्या खोलल्या. तुला बॅटरी उलटी दिसली, मग मला नाही विचारायचं? का अंगठेबहाद्दराला विचारायला लाज वाटली?"

ते चेष्टेत म्हणाले, पण ते खरं होतं. ते तिथं नव्हते हे खरं, पण असते तरी मी विचारलं नसतं. बीएस्सी असून बॅटरीचं विचारायचं म्हणजे काय? तारा उलट्या झाल्यामुळं चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि दोघांना वेळेवर तोडणारा कटआउट चिकटून जळाला होता. कॉलेजात हेच मी पहिल्या वर्षी शिकलो होतो. फक्त तिथं कागदावर बॅटरी काढलेली असायची आणि ती कुणाची नसायची.

मी डॉक्टरांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत लोखंडी पेटी उघडी होती आणि बाई तिच्यात लुगडी घालत होत्या. मी डॉक्टरांना सरळ सांगितलं, "साहेब, चूक माझी आहे. गाडीची नाही." आणि मग आठवण होऊन बाईंकडे तोंड करून पुन्हा एकदा सांगितलं.

डॉक्टरांनी मला खुर्ची पुढं केली. मग म्हणाले, "अहमदपूरकडं मी एका म्हशीला गाभण नाही म्हणून लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी व्याली. मालक अजून त्या रेडकाला डॉक्टर म्हणून हाक मारतो."

मला हसावं की नाही कळेना. बाई डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनी पेटीत लुगडं दाबलं आणि म्हणाल्या, "रेडकू हुशार निघालं पुढं. पण सोमवार तो सोमवार."

तो शुक्रवार होता.

कटआउट बदलून बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी करायला गफूरभाईंनी मदत केली. प्रत्येक तार जोडताना "विचार, विचार," म्हणत होते. पण दिव्याचंच एक कोडं राहिलं होतं. ओठ दिसावेत इतका उजेड ठेवला की डॉक्टरांना रस्ता दिसेना; रस्ता दिसावा इतका कमी केला की बाईंना ओठ दिसेनात. त्यात रस्ता कुठं दिव्यांचा, कुठं काळाकुट्ट. म्हणजे उजेड कमीजास्त करता आला पाहिजे. त्यासाठी रिओस्टॅट लागतो. म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा म्हणून उभी केलेली लांब तार. अडथळा वाढवला की दिवा मंद होतो. लातुरात तसलं काही मिळालं नाही. मी एस्टी पकडून नांदेडला माझ्या कॉलेजात गेलो.

प्रयोगशाळेत सोनकांबळेमामा होते. मी शिकत असताना तेच उपकरणं काढून द्यायचे. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.

"काय रे, तूच ना तो? रिओस्टॅट जाळणारा?"

"मामा, तोच पाहिजे मला."

"जळलेला?"

"चालेल. तार शाबूत असली की झालं."

त्यांनी भंगारात टाकायला ठेवलेला एक काढून दिला, रीतसर वहीत सही घेतली आणि विचारलं, "काय करायलास आता?" मोटारीचं वायरिंग करतो म्हणून सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालाव्यात अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "इथून शिकून गेलेल्यांपैकी परत रिओस्टॅट मागायला आलेला तू पहिलाच." मला ती शाबासकी अजून पुरते.

प्रयोगशाळेतला तो नळकांड्यासारखा रिओस्टॅट फूटभर लांब होता. बेबीत तो बसवला असता तर एका माणसाला उतरावं लागलं असतं. त्याची तार उकलून मी चिनी मातीच्या फ्यूजच्या तुकड्यावर गुंडाळली आणि जुन्या रेडिओचं बटण तिला लावलं. रविवारी सकाळी गाडीवर ताडपत्री टाकून आत काळोख केला. डॉक्टरांच्या जागी गफूरभाई, बाईंच्या जागी कानात कापूस घालून मी. दिव्याच्या पट्टीत गफूरभाईंचे ओठ आणि दाढी तेवढी उजळली, बाकी चेहरा अंधारात. ते मला बघून बराच वेळ काहीतरी बोलले. मला एक अक्षर वाचता आलं नाही. शिव्या असाव्यात, कारण ते फार खूश दिसत होते. बाई रोज केवढं अवघड काम करतात ते त्या दिवशी कळलं.

बटण कुठं बसवायचं हाच काय तो प्रश्न होता. डॉक्टरांचे दोन्ही हात गाडीत गुंतलेले. मी ते बाईंच्या बाजूला, दाराजवळ बसवलं.

संध्याकाळी काही बिघडलं तर असावा म्हणून मला मागच्या सीटवर घेतलं. छावणीतून निघालो तेव्हा झाडं काळी पडत चालली होती. बाईंनी बटण फिरवलं. डॉक्टरांच्या हनुवटीवर पिवळसर पट्टी पडली, मग ओठांवर, मिशीच्या खालच्या कडेपर्यंत. काच स्वच्छ होती. रस्ता दिसत होता.

"काहीतरी बोला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना काही सुचेना. इतके दिवस न बोललेल्या माणसाची पंचाईत होते. शेवटी म्हणाले, "पाटलाच्या गाईचा ताप उतरला."

"पाटलाच्या नाही, पाटलाच्या भावाच्या. वहीत तुम्ही चुकीचं लिहिलंत आणि मी खोडलं."

"मी बरोबर लिहिलं होतं."

"तुम्ही तर लक्ष्मीला गंगा लिहिता! परवा दोघींना एकाच गाईचं औषध दिलंत."

तिथून जे सुरू झालं ते मी मागं बसून ऐकलं. सहा महिन्यांची भांडणं बाईंनी साठवून ठेवली होती. मुलाचं पत्र उत्तर न देता कुठं ठेवलं, डब्यातली भाकरी कुणाच्या कुत्र्याला घातली, तालुक्याच्या साहेबापुढं वाकून का बोलले. डॉक्टर प्रत्येकाला उत्तर देत होते आणि प्रत्येकात हरत होते. एकदा ते जरा जास्तच खरं बोलले. म्हणाले, "तूही त्या साहेबाच्या बायकोला मेथी दिलीस." बाईंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, शांतपणे बटण फिरवलं आणि दिवा बंद केला.

गाडीत काळोख झाला. बाई बाहेर बघत बसल्या. डॉक्टर हसले. मग दोन गावं मागं गेली. मी मागं आहे हे डॉक्टर विसरले असावेत.

"तुझ्या आजारात इंजेक्शनं मीच देत होतो," ते समोर बघत हळूच म्हणाले. "रोज सकाळी. तू सांगत होतीस, कानात काहीतरी वाजतंय. मी म्हणालो, कोर्स पुरा करू. जनावराच्या बाबतीत मी थांबलो असतो. तुझं ऐकलं नाही."

मी सीटवर अंग चोरून बसलो. हे ऐकायला मी तिथं असायला नको होतो. तेवढ्यात बटणाचा आवाज झाला. डॉक्टरांचे ओठ उजेडात आले तेव्हा ते अजून थोडे हलत होते.

"काय म्हणत होतात?" बाई म्हणाल्या. "अंधारात बोलायचं नाही."

आता डॉक्टर टाळतील, रस्ता खराब आहे वगैरे काहीतरी सांगतील, असं मला वाटलं. मी तेच केलं असतं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला, तोंड थोडं बाईंकडे वळवलं आणि तेच सगळं परत म्हटलं. या वेळी त्यांनी आवाज काढलाच नाही. मला फक्त त्यांच्या हनुवटीची कड हलताना दिसत होती, आणि ती वाचणारे बाईंचे डोळे.

बाईंनी बटण थोडं फिरवून उजेड मंद केला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून माहीत आहे. समोर बघा, बैल आलाय. आणि उद्या छावणीत लसी टोचायच्या आहेत, मला लवकर उठवा."